किताब एकच, मग भांडण कशाचं?

मागच्या डिसेंबरात छावणीत सरांच्या घरी जेवायला गेलो होतो. सर माझे शाळेतले जुने सहकारी. त्यांना नातू झाला, म्हणून बोलावणं होतं. माझी मुलगीही सोबत होती, कारण दहावीचं गणित तिला सरांनीच शिकवलं होतं. तेव्हापासून त्या घरात तिचं माझ्यापेक्षा जास्त चालतं.

सरांचं घराणं जुनं ख्रिस्ती. एकोणिसाव्या शतकात आमच्या शहरात रतनजी नवरोजी नावाचे पारशी घराण्यातून ख्रिस्ती झालेले धर्मगुरू चर्च मिशनरी सोसायटीतर्फे काम करत होते. त्या काळापासूनची ही मंडळी. सरांचा धाकटा भाऊ मात्र बारा वर्षांपूर्वी जुन्या चर्चमधून बाहेर पडला. पडेगावकडे एका भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या प्रार्थनेला तो जातो आणि तिथं त्याने पाण्यात पूर्ण बुडून पुन्हा बाप्तिस्मा घेतला. त्याचे वडील तेव्हा हयात होते. त्यांना ते फार लागलं होतं, असं सर एकदा बोलता बोलता म्हणाले होते.

जेवायला बसण्याआधी सर म्हणाले, "ईस्टरला बाळाचा बाप्तिस्मा करायचं ठरवलंय."

भाऊ हळूच म्हणाला, "बाळाला काय कळतं दादा? आधी विश्वास, मग बाप्तिस्मा. मार्कमध्ये क्रम स्पष्ट दिलाय."

सरांनी टेबलावरचं बायबल ओढलं आणि प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय काढला. फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याने बाप्तिस्मा घेतला, त्याच्यासोबत त्याच्या घरच्या सगळ्यांनी घेतला. "सगळ्यांनी म्हणजे लेकरंबाळंही आलीच की."

"लेकरं होती असं कुठं लिहिलंय?"

"नव्हती असं तरी कुठं लिहिलंय?"

मग आवाज चढले. सर म्हणाले, "म्हणजे आई-बाबांनी आपल्याला दिलेला बाप्तिस्मा खोटा?" भाऊ म्हणाला, "मी कुणाला खोटं म्हणत नाही, मी वचनाचं सांगतोय." सर म्हणाले, "वचन काय फक्त तुझ्या पास्टरलाच कळतं?" शेवटी वहिनींनी दोघांच्या मधलं बायबल उचलून कपाटावर ठेवलं, तिथं रश्शाचं पातेलं मांडलं आणि म्हणाल्या, "आधी जेवा."

परतताना मुलगी स्कूटरवर मागे बसली होती. भडकल गेटच्या सिग्नलला तिने विचारलं, "अब्बू, दोघंही तेच पुस्तक मानतात ना? मग भांडतात कशाला?"

मी जरा तोऱ्यातच म्हणालो, "त्यांच्यात फार पंथ. आपलं बरंय, किताब एक आणि तिच्यात अक्षराचा फरक नाही."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सूरह निसामध्ये मुलीचा वाटा लिहिलाय. मुलाच्या निम्मा, पण लिहिलाय. मग फुफीला दादाजींच्या शेतातलं काहीच का मिळालं नाही?"

सिग्नल सुटला होता, मागून हॉर्न वाजत होते. मी म्हणालो, "तर्जुमा वाचून कुणी आलिम होत नाही. मौलाना साहेबांना विचारू कधीतरी." घरी येईपर्यंत ती पुढे एक शब्दही बोलली नाही.

त्या रात्री झोप लागली नाही. कपाटातून एक जुनं जाडजूड पुस्तक काढलं, पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार. तो सिस्टर जेराल्डीन यांनी जमवून ठेवला होता आणि अ. भि. शहा यांनी संपादित केला. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने 1977 मध्ये तो छापला. हमीद दलवाईंच्या वाचकांना शहा हे नाव परकं नाही, दलवाईंच्या कामात ते त्यांचे सोबती होते. मी हे पुस्तक त्याच कुतूहलाने घेतलं होतं आणि अर्धवट वाचून ठेवून दिलं होतं. त्या रात्री ते वेगळंच वाटलं.

रमाबाईंचं आयुष्य मराठी वाचकाला साधारण ठाऊक असतं. जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, म्हणून त्यांना पंडितांपुढे जाब द्यावा लागला. दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण गेली. भावासोबत पायी भटकत रमाबाई 1878 मध्ये कलकत्त्याला पोचल्या आणि तिथं त्यांना 'पंडिता' ही पदवी मिळाली. बाईने वेद वाचायचे नाहीत असं त्यांना लहानपणापासून सांगितलं गेलं होतं. कलकत्त्यात केशवचंद्र सेनांनी त्यांच्या हातात वेदांची प्रत ठेवली आणि वाचा म्हणाले. कोणत्या ग्रंथाला कुणी हात लावायचा हे कोण ठरवतं, या प्रश्नाशी रमाबाईंची गाठ तिथं पडली आणि ती पुढे कधी सुटली नाही.

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेज गावातल्या अँग्लिकन जोगिणींच्या मठात राहिल्या आणि त्याच वर्षी 29 सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सोबत मनोरमेचाही झाला. ती तेव्हा जेमतेम अडीच वर्षांची होती. सरांच्या भावाने विचारलं असतं, त्या पोरीला काय कळत होतं?

सिस्टर जेराल्डीन या मठातल्याच. रमाबाई त्यांना पत्रात 'आजीबाई' म्हणत. माया खरी होती, पण दोन वर्षांतच खटके उडू लागले. रमाबाईंनी येशूला मानलं होतं. पण देव एक आणि त्यात तीन, ही मांडणी त्यांच्या गळी उतरत नव्हती. अथनाशियसच्या नावाने चालणाऱ्या मतांगीकारात, असं न मानणाऱ्याचा नाश होईल असं म्हटलेलं आहे. ते त्यांना पटेना. चमत्कारांबद्दल शंका होत्या. त्या म्हणत, बायबलात दाखवा. आजीबाई म्हणत, चर्चने शतकानुशतकं जे शिकवलं ते आधी नम्रपणे घे, समज मागून येईल.

गळ्यातल्या क्रुसावरूनही वाद झाला. त्यावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाईंचं म्हणणं, मला ही भाषा येत नाही, अक्षरं संस्कृतात हवीत. ब्राह्मणांना संस्कृत जशी देवाची भाषा वाटते, तशी तुम्हाला लॅटिन वाटते का? हे वाचताना मला हसू आलं आणि लगेच थांबलंही. अरबीचा अर्थ विचारणाऱ्या पोरांना मदरशात आम्ही काय उत्तर देत आलो, ते आठवलं.

1885 मध्ये वाद टोकाला गेला. रमाबाई चेल्टनहॅमच्या कॉलेजात संस्कृत शिकवत होत्या. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवावं की नाही, असा प्रश्न आला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी नको असा सल्ला दिला. मायदेशी भर सभेत पुरुषांपुढे बोललेल्या बाईला हे विचित्र वाटलं. त्याच सुमारास त्यांनी आजीबाईंना जे लिहिलं, त्याचा सारांश असा: एका पुरोहितवर्गाचं जोखड मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलं आहे. दुसऱ्या पुरोहितवर्गाचं जोखड देवाची आज्ञा म्हणून लगेच मानेवर घ्यायला मी तयार नाही. आजीबाईंना यात गर्व दिसला.

आजीबाईंना खलनायिका करण्यात मात्र अर्थ नाही. त्यांची भीती खरी होती. जो तो आपल्या बुद्धीने ग्रंथ लावू लागला तर धर्म उरेल कुठे? समाज एकत्र राहील कसा? हीच भीती मी स्कूटरवर वेगळ्या शब्दांत बोललो होतो. तर्जुमा वाचून कुणी आलिम होत नाही. पान उघडं ठेवून मी बराच वेळ बसलो. माझ्या घरातली आजीबाई मीच होतो.

वाँटेजचा मठ चर्चच्या परंपरेला फार मान देणारा होता. त्याच्या उलट टोकाला इव्हँजेलिकल मंडळी असतात. अंतिम शब्द बायबलचा आणि प्रत्येकाने स्वतः देवाकडे वळायचं, असं मानणारे ते प्रोटेस्टंट. रमाबाई भारतात परतल्या, 11 मार्च 1889 ला मुंबईत त्यांनी शारदा सदन सुरू केलं आणि पुढच्या काही वर्षांत त्या स्वतःच या बाजूला आल्या. बायबल हेच देवाचं वचन, यावर त्यांचा आता पूर्ण भरवसा होता. मग वाद मिटायला हवे होते. मधला पाद्री गेला, परंपरा गेली, उरला माणूस आणि ग्रंथ. पण तसं झालं नाही.

जून 1905 मध्ये केडगावच्या मुक्ती सदनात प्रार्थनेची मोठी लाट आली. दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली तासन्‌तास रडत, मोठ्याने प्रार्थना करत. पुढे काही जणी न शिकलेल्या भाषांत बोलू लागल्या, असं तिथले लोक सांगू लागले. त्यानंतरच्या वर्षी अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या अझूसा स्ट्रीटवर असंच घडलं आणि पेंटेकॉस्टल चळवळ जगभर पसरली. तिच्यातल्या अनेकांचं म्हणणं होतं, पवित्र आत्मा मिळाल्याची खूण एकच, अन्य भाषांत बोलणं. आधार पुन्हा प्रेषितांची कृत्ये. दुसरे इव्हँजेलिकल तेच पुस्तक उघडून सांगत, ते वरदान त्या काळापुरतं होतं, आता हा निव्वळ गोंधळ आहे. रमाबाईंनी मधली वाट धरली. मुलींना त्यांनी गप्प केलं नाही, पण हीच एकमेव खूण हेही मानलं नाही. आत्मा मिळाला की नाही हे त्यांच्या मते माणसाच्या प्रेमावरून आणि वागण्यावरून दिसतं.

मुक्तीत काम करणाऱ्या अमेरिकन मेथडिस्ट बाई मिनी एब्रम्स यांनी या अनुभवावर 1906 मध्ये एक पुस्तिका लिहिली. ती त्यांनी चिलीमधल्या मैत्रिणीला धाडली. मैत्रिणीचे पती विलिस हूवर तिथं मेथडिस्ट पाद्री होते. 1909 मध्ये त्यांच्या चर्चमध्येही तीच लाट आली. मेथडिस्ट वरिष्ठांना ती मान्य झाली नाही आणि हूवर बाहेर पडले. चिलीतली पेंटेकॉस्टल चर्चं आपला इतिहास तिथून सांगतात. केडगावातून निघालेल्या एका पुस्तिकेने दुसऱ्या खंडात एक चर्च दुभंगलं आणि दुसरं उभं केलं. दोन्ही बाजूंना बायबल प्रमाण होतं.

हा पेच नीट समजायचा तर पुढची एक गोष्ट बघावी. 1978 मध्ये शिकागोत इव्हँजेलिकल विद्वान आणि नेते जमले. बायबलात चूक नाही, असं 19 कलमांचं निवेदन त्यांनी काढलं. त्यावर दोनशेहून जास्त जणांच्या सह्या झाल्या. अचूकपणा मूळ हस्तलिखितांचा, असा खुलासाही त्यात आहे. ती मूळ हस्तलिखितं आज कुणाकडे नाहीत, आहेत त्या नकला. सह्या करणाऱ्यांत जे. आय. पॅकर आणि आर. सी. स्प्राउल होते. ते बाळाच्या बाप्तिस्म्याच्या बाजूचे. जॉन मॅकआर्थरही होते, ते विरुद्ध बाजूचे. म्हणजे सर आणि त्यांचा भाऊ, दोघांच्याही सह्या एकाच कागदावर. शेवटी 1982 मध्ये याच मंडळींना अर्थ कसा लावायचा यावर पुन्हा शिकागोत बसावं लागलं.

नागपुरात याहून वेगळा रस्ता काढला गेला. 29 नोव्हेंबर 1970 ला सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया तिथं स्थापन झालं. सरांचं चर्च तेच. या सहांत अँग्लिकन होते, जे बाळाला बाप्तिस्मा देतात. बॅप्टिस्ट आणि ब्रदरनही होते, जे देत नाहीत. कितीतरी वर्षं चर्चा चालली. शेवटी ठरलं की दोन्ही पद्धती मान्य, कुटुंबाने आपली निवडावी. कुणाचा अर्थ खरा याचा निवाडा त्यांनी केला नाही, एकाच छताखाली दोन अर्थ राहू दिले. सर हे अभिमानाने सांगतात. त्यांच्या भावाला ही तडजोड वाटते, सत्य एकच असतं असं तो म्हणतो. मला दोघांचंही कळतं.

आमच्याकडे काय वेगळं आहे? याच शहरात 1903 मध्ये मौलाना मौदूदींचा जन्म झाला. कुरआनवरून राज्य आणि समाज कसा असावा याची त्यांनी केलेली मांडणी जगभर गेली आणि त्याच कुरआनच्या आधारे इतर उलेमांनी तिला विरोध केला. आमच्या भागात एका गल्लीत बरेलवी मशीद, दुसऱ्या गल्लीत तबलिगवाल्यांची, रस्ता ओलांडला की अहले हदीसची. अक्षराचा फरक नाही हे खरं. पण सरांच्या टेबलावरही अक्षराचा फरक नव्हता, दोघांचं बोट एकाच मराठी ओळीवर होतं.

रमाबाईंचं शेवटचं मोठं काम म्हणजे बायबलचं भाषांतर. उपलब्ध मराठी बायबल त्यांना संस्कृतने जड झालेलं आणि जुन्या धर्मग्रंथांतल्या शब्दांचे अर्थ सोबत घेऊन आलेलं वाटत होतं. केडगावच्या कमी शिकलेल्या बायकांना स्वतः वाचता यावं, हा त्यांचा हेतू होता. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खिळे जुळवणं, छापणं ही कामं मुक्तीतल्या मुलींनीच केली. 1921 मध्ये मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. शेवटची प्रुफं हातावेगळी करूनच त्यांनी डोळे मिटले असं सांगतात. संपूर्ण बायबल 1924 मध्ये छापून झालं. मूळ भाषेला शब्दशः धरून राहिल्याने ते वाचायला अवघड झालं, असंही वाचणारे म्हणतात. प्रत्येक शब्द निवडताना त्यांनाही अर्थ ठरवावाच लागला आणि मधल्या माणसाला हटवता हटवता त्या स्वतः मधल्या झाल्या. पण एक मोठा फरक पडला. पोथीला हात लावायचा नाही असं ज्या बायकांना सांगितलं गेलं होतं, त्यांच्या हातांनी पोथी छापली गेली. आता वाद झालाच तर त्यांनाही वाचून दाखवता येणार होतं.

हे सगळं वाचून झाल्यावर शेताचा प्रश्न तिथंच होता.

अब्बांची सहा एकर जमीन कन्नड तालुक्यात. अम्मी त्यांच्या आधीच गेली होती. मागे आम्ही दोघं, आपा आणि मी. हिशेब सरळ, मला चार, आपाला दोन. 2009 मध्ये आपाने हक्कसोड पत्रावर सही केली. कुणी धमकावलं नाही. सगळे म्हणाले, भावाशी माहेर टिकतं, जमिनीशी नाही. आपाही तेच म्हणाली. जमातीतल्या बुजुर्गांनी मान डोलावली. 1937 चा शरियत कायदा आला, तेव्हा शेतजमिनीचा प्रश्न त्यातून बाहेरच ठेवला गेला होता, हेही तेव्हा कुणीतरी मला समजावून सांगितलं आणि मला ते ऐकायला फार बरं वाटलं. पुढे दोन एकर विकून मी हे घर बांधलं.

नमाजात हात कुठं बांधायचे, आमीन मोठ्याने म्हणायचं की मनात, यावर मी कितीतरी लोकांशी हुज्जत घातली आहे. तिथं आयत नाही, रिवायती वेगवेगळ्या आहेत. आणि जिथं आकड्यासकट आयत आहे, जिच्यावर बरेलवी, देवबंदी, अहले हदीस सगळ्यांचं एकमत आहे, तिथं माझ्या घरात कुणी वादच घातला नाही. ग्रंथावरून भांडणारे दोन भाऊ मला त्या दिवशी चमत्कारिक वाटले होते. पण निदान त्यांनी ग्रंथ उघडला तरी होता. आम्ही तो गिलाफात घालून वर ठेवला आणि सही घेतली.

जानेवारीत जालन्याला आपाकडे गेलो. मुलीला सोबत नेलं. दोन एकर तुझ्या नावावर करून देतो म्हणालो. आपाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मौलाना काय म्हणाले?" तिने विचारलं.

"त्यांना विचारलं नाही."

"मग कुणी सांगितलं?"

मी पोरीकडे बोट दाखवलं. आपा हसली नाही. चहाचे कप उचलता उचलता एवढंच म्हणाली, "त्या दिवशी रजिस्ट्री ऑफिसात कुणी विचारलं असतं ना, तर मी नाही म्हणाले असते. कुणी विचारलंच नाही."

बक्षीसपत्राचे कागद काढायला दिले आहेत. तिची अम्मी माझ्यावर नाराज आहे, मुलीच्या लग्नाचं काय, असं तिचं म्हणणं आहे आणि तेही खोटं नाही. आमच्या घरात सध्या रोज वाद होतो. मुलगी तर्जुमा घेऊन बसते, तिची अम्मी दुसरी आयत काढते, नातेवाइकांशी नरमाईने वागण्याची. मी मध्ये फार बोलत नाही.

ईस्टर होऊन गेला. बाळाचा बाप्तिस्मा अजून झालेला नाही. सरांचा मुलगा म्हणतो, आम्ही दोघं नवरा-बायको आधी वाचतो, मग ठरवतो. परवा सरांचा फोन आला होता. भाऊ दर रविवारी दुपारी येतो, म्हणाले. अजून पटत नाही, पण येतो. वहिनी आता बायबल टेबलावरच राहू देतात, पातेलं बाजूला मांडतात.